निवृत्तीनंतरचं घर आणि तक्त्यात नसलेला रकाना

एका वाचकांचं पत्र, थोडक्यात:

वय ६३, येत्या काही महिन्यांत निवृत्त होणार. पत्नी ६० वर्षांची, गेल्याच वर्षी नोकरीतून मोकळी झाली. मोठ्या शहरात तिसऱ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा आणि मुलगी दोघंही दूरच्या, वेगवेगळ्या शहरांत. समोर तीन पर्याय आहेत. पहिला, डोंगराच्या पायथ्याशी छोट्या वस्तीतलं स्वतंत्र घर. भोवती मोकळी जागा, जुनी झाडं, जवळून वाहणारी नदी. मोठं रुग्णालय ४५ किलोमीटरवर, पण "गाडी मीच चालवतो, त्यामुळे अंतराचा प्रश्न नाही." दुसरा, त्याच रस्त्यावरचं मध्यम आकाराचं गाव. तिथे बाजार, दवाखाने, ग्रंथालय आहे, पण ते त्यांना "ना धड शहर, ना धड खेडं" वाटतं. तिसरा, आहे तिथेच राहायचं. हवा, पाणी, शांतता, खर्च अशा दहा मुद्द्यांचा तक्ता करून त्यांनी गुण दिले, तेव्हा वस्तीला ८१, गावाला ६८ आणि शहराला ४९ मिळाले. ते लिहितात, "हे आमचं शेवटचं घर असणार, त्यामुळे निर्णय चुकायला नको. पत्नीची काही हरकत नाही. तरी राहतं घर विकायच्या कागदावर सही करायला हात धजत नाही. माझं काय चुकतंय?" ताज्या कलमात त्यांनी गॅलरीतल्या पन्नासेक कुंड्यांचं काय करावं, असंही विचारलं आहे.

नमस्कार.

सही करताना हात अडखळतो याला तुम्ही मनाचा कमकुवतपणा म्हटलं आहे. मी तसं म्हणणार नाही. इतका विचार करून, आकडे मांडून, बेरीज करूनही हात पुढे होत नसेल, तर बेरजेत काहीतरी धरायचं राहिलं आहे, एवढाच मी त्याचा अर्थ घेते.

तक्ता तुम्ही मनापासून केला आहे. पाण्याच्या मुद्द्यापुढे कंसात "विहीर बारमाही, दोन शेजाऱ्यांना विचारून खात्री केली" असं लिहिलं आहे. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाला जागा कशी पारखायची हे मी सांगायला नको. मला बोलायचं आहे ते तुमच्या पत्रातल्या तीन वाक्यांबद्दल. ती तुम्ही अगदी जाता जाता लिहून गेलात, पण सगळा तक्ता त्यांच्यावर उभा आहे. "हे आमचं शेवटचं घर." "गाडी मीच चालवतो." आणि "पत्नीची काही हरकत नाही."

आधी शेवटच्या घराबद्दल. उतारवयातल्या स्थलांतराची एक मांडणी युजीन लिटवाक आणि चार्ल्स लाँजिनो या अभ्यासकांनी १९८७ साली केली होती, ती मला फार उपयोगी वाटते. त्यांच्या मते या वयात घर बदलण्याचे तीन टप्पे येऊ शकतात. पहिला निवृत्तीनंतर लगेचचा. तब्येत चांगली असते, जोडीदार सोबत असतो, हाताशी थोडे पैसे असतात. तेव्हा माणूस हवा, निसर्ग, मोकळेपणा बघून जागा निवडतो. दुसरा टप्पा येतो तो रोजची कामं जड जायला लागल्यावर, विशेषतः जोडीदार गेल्यावर. तेव्हा पावलं मुलांच्या किंवा जवळच्या माणसांच्या दिशेने वळतात. आणि घरच्यांनाही सांभाळणं झेपेनासं झालं, चोवीस तास देखभाल लागायला लागली, की तिसरा. सगळ्यांच्या वाट्याला हे तिन्ही टप्पे येत नाहीत. कित्येक जण जन्मभर एकाच घरात राहतात.

तुम्ही निवडताय ते पहिल्या टप्प्याचं घर, आणि त्याला गुण देताय ते मात्र तिन्ही टप्प्यांना पुरेल असं धरून. तिथेच ओढाताण होते आहे. ६३ ते ७५ या वर्षांसाठी उत्तम असलेली जागा ८५व्या वर्षी गैरसोयीची झाली, तर ती निवड चुकली असं मी म्हणणार नाही. बारा वर्षं सुखाची गेली, हे थोडं थोडकं नाही. अट एकच, की वेळ आली तेव्हा ती जागा सोडता आली पाहिजे. त्यासाठी आजच काही गोष्टी पाळाव्या लागतील. आडबाजूचं घर विकायला काढलं की गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, म्हणून सगळी पुंजी त्यात घालू नका. हौसेपायी घर एवढं मोठं बांधू नका की ते झाडून काढायलाही माणूस लावावा लागेल. आणि कागदपत्रांवर दोघांची नावं असू द्या, म्हणजे उद्या एकट्यावर निर्णय घ्यायची वेळ आली तर अडवणूक होणार नाही.

आता गाडी. इथे मला माझ्या आत्याबद्दल सांगायला हवं.

आत्या आणि आतोबा निवृत्त झाल्यावर अशाच एका टेकडीवरच्या घरात राहायला गेले. पहिली सहा वर्षं फार छान गेली. आत्या आजही त्या दिवसांबद्दल बोलायला लागली की तिचा आवाज बदलतो. मग आतोबांना रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी दिपायला व्हायला लागलं. आधी त्यांचं रात्रीचं गाडी चालवणं बंद झालं, मग पावसातलं, मग हमरस्त्यावरचं. "आजपासून मी गाडी चालवणार नाही" असं ते कधीच म्हणाले नाहीत. एकेक रस्ता गळत गेला. मी एकदा राहायला गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हिरव्या शाईच्या खुणा दिसल्या. जवळपास एकच भाड्याची गाडी होती, तिचा चालक ज्या दिवशी मोकळा असेल त्या दिवसांच्या त्या खुणा. बँक, चष्मा, औषधं, दात, सगळं त्या दिवसांवर ढकललेलं. त्या आठवड्यात आत्याची दाढ सोमवारी ठणकायला लागली होती आणि हिरवी खूण होती शुक्रवारी. चार दिवस ती गालाला हात लावून बसली होती, आणि आतोबा तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिच्या दुखण्यापेक्षा त्यांचं ते नजर चुकवणं मला जास्त लागलं.

पुढे आतोबा पडले, माकडहाड दुखावलं, आणि दोन आठवड्यांत घर हलवावं लागलं. नवी जागा आम्ही भाचरांनी घाईघाईत शोधली. ती आत्याने आधी पाहिलीसुद्धा नव्हती. तिथे गेल्याचा तिला पश्चात्ताप नाही. वेळेवर निघालो नाही, याचा आहे.

हे एकट्या आतोबांचं नव्हतं. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर आणि दाट होतं. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. अमेरिकेत सत्तरी गाठलेल्या चालकांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. गाडी चालवणं थांबल्यानंतर पुरुषांची सरासरी सहा-सात वर्षं आणि स्त्रियांची सुमारे १० वर्षं दुसऱ्यांवर विसंबून प्रवास करण्यात जातात, असा त्याचा अंदाज होता. म्हणजे अंतराचा प्रश्न आज नाही हे खरं, पण आयुष्यात काही वर्षं तो असणार आहे, असं धरूनच जागा निवडायला हवी. तुमच्या पत्नी गाडी चालवतात का, हे पत्रात कुठेच नाही. "गाडी मीच चालवतो" यातल्या 'मीच'वरून मी अंदाज बांधते आहे की नाही चालवत.

दवाखान्याबद्दल फार लांबण लावत नाही, पण ४५ किलोमीटर हा आकडा बदलून घ्या. तुम्हाला किलोमीटर नकोत, मिनिटं हवीत. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागतो. उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक नावाजलेला हिशेब आहे. म्हणून तिथे जाऊन विचारा: रुग्णवाहिका कुठे उभी असते, रात्री दोन वाजता फोन केला तर दारात यायला किती वेळ लागतो, रस्ता पाण्याखाली जातो का, त्या रुग्णालयात सीटी स्कॅन आणि हृदयाची अँजिओप्लास्टी रात्रीही होते का. मोठी पाटी असलेल्या प्रत्येक ठिकाणी या सोयी असतातच असं नाही.

पण मला आणीबाणीपेक्षा जास्त काळजी वाटते ती रोजच्या लहान दुखण्यांची. आणीबाणी एकदा येते आणि तेव्हा शेजारीपाजारी धावून येतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्यातून दोनदा व्यायामाला जायचं असेल, डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी दर महिन्याला हजेरी लावायची असेल, तर कोण कितीदा धावेल? डायलिसिस लागलं तर सहसा आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेला चारेक तास जावं लागतं. ४५ किलोमीटर जाऊन येऊन हे वर्षानुवर्षं करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं आहे त्यांना विचारा.

आता तिसरं वाक्य. पत्रात सगळ्यात जास्त वेळ मी इथेच थांबले.

"पत्नीची काही हरकत नाही." तुमच्या चार पानांत त्यांच्याबद्दल फारसं नाही. एके ठिकाणी तुम्ही लिहिता, "ती दर बुधवारी मैत्रिणींबरोबर गाण्याच्या सरावाला जाते, ते सुटेल, पण वस्तीतही माणसं आहेतच." सुटेल या एका शब्दात ते आटोपलं. त्या चार मैत्रिणी त्यांनी किती वर्षांत जोडल्या असतील? नोकरी, मुलं, सासर-माहेर सांभाळून आठवड्यातला एक बुधवार स्वतःसाठी राखून ठेवला, तो सहज राखला गेला असेल असं मला वाटत नाही.

हरकत नसणं आणि मनात असणं यांत फार अंतर आहे. बऱ्याच घरांत हा प्रश्नच असा विचारला जातो की त्याला एकच उत्तर येतं. "तुला चालेल ना?" असं विचारलं की समोरचं माणूस "चालेल" म्हणतं. त्यात फसवणूक नसते. तुमची हौस मोडायची नाही, एवढाच त्यामागचा विचार असतो.

आणि आणखी एक गोष्ट, ती जरा जड मनाने लिहिते. जगातल्या जवळजवळ सर्व देशांत स्त्रिया पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त जगतात. तुमच्या पत्नी तुमच्याहून तीन वर्षांनी लहान आहेत. ज्या घरात पुढेमागे एकटं राहायची वेळ त्यांच्यावर येण्याची शक्यता जास्त, त्या घराला गुण तुम्ही एकट्याने दिलेत. तक्त्यातला न आखलेला रकाना मला दिसतो तो हा: आपल्यापैकी एकच उरलं, आणि गाडी नसली, तर इथला दिवस कसा जाईल? हा रकाना दोनदा भरायचा, एकदा तुमच्यासाठी आणि एकदा त्यांच्यासाठी.

म्हणून विनंती आहे की त्यांना कोरा कागद द्या. तुमचा तक्ता दाखवू नका, कारण मग त्या तुमच्याच मुद्द्यांना गुण देत बसतील. त्यांचे मुद्दे त्यांना ठरवू द्या. त्यांनी काय लिहावं हे मी गृहीत धरत नाही. कदाचित त्यांना शहर सोडायची तुमच्याहून जास्त घाई असेल आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून त्या बोलल्या नसतील. कागद भरून झाला की फक्त एक प्रश्न विचारा: "मंगळवारी सकाळी अकरा वाजता तू तिथे काय करत असशील?" आणि मग मध्ये न बोलता ऐका. हाच प्रश्न तुम्ही स्वतःलाही विचारा. झाडं, नदी, ओसरी यांचं चित्र आपल्या मनात संध्याकाळचं असतं. सकाळी अकरा ते दुपारी चार हा निवृत्तीतला सगळ्यात लांब तुकडा असतो, आणि सुट्टीत दोन दिवस राहायला गेलेल्या माणसाला तो कळत नाही.

माणसांबद्दल बोलतेच आहे तर हेही सांगते. आपण जागा निवडताना जिवलगांचा विचार करतो: मुलं किती दूर, भाऊ किती दूर. पण दिवस भरतो तो अर्ध्या ओळखीच्या माणसांनी. औषधाच्या दुकानातला मुलगा, ग्रंथालयातल्या बाई, बागेतल्या बाकावर रोज भेटणारे आणि नावही ठाऊक नसलेले गृहस्थ. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली अशा नात्यांच्या ताकदीवर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचा रोख नोकरीची बातमी कोणाकडून कळते यावर होता, पण आपल्या वयाला ते वेगळ्या अर्थाने लागू पडतं. चार दिवस तुम्ही दिसला नाहीत, तर पहिल्यांदा लक्षात येतं ते याच लोकांच्या. वस्तीत माणसं आहेत हे खरं आहे, आणि छोट्या वस्तीतली माणसं अडीअडचणीला धावतातही. पण ती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना धरून असतात. नव्या माणसाला तिथे मिसळायला काही वर्षं लागतात, आणि त्यासाठी आधी तुम्हाला त्यांच्या उपयोगी पडावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ज्येष्ठांना अनुकूल शहरं कशी असावीत यावर एक मार्गदर्शिका काढली. ३३ शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून ती तयार झाली. तीत आठ विषय आहेत: बाहेरच्या मोकळ्या जागा आणि इमारती, वाहतूक, घर, लोकांत मिसळणं, मान आणि सामावून घेणं, काम आणि नागरिक म्हणून सहभाग, माहिती मिळणं, आणि आरोग्यसेवेसह इतर आधार. या आठांत घर हा एकच विषय आहे. तुमच्या तक्त्यातले दहापैकी सहा मुद्दे घराचे आणि त्याच्या आवाराचे आहेत.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, या बाईंना वस्तीतलं घर पसंतच नाही. तसं नाही. हिरवाईची ओढ ही चैन नव्हे. रॉजर उलरिख यांनी १९८४ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यासात रुग्ण थोडे होते, पण तो पुढच्या कितीतरी कामाची सुरुवात ठरला. मला त्यातली खिडकी महत्त्वाची वाटते. त्या रुग्णांना काही जंगलात नेऊन ठेवलं नव्हतं. रोज नजरेला झाड पडत होतं, एवढंच. तुम्हाला नक्की काय हवं आहे, ते वेगळं करून बघा. झाड हवंय, माती हवीय, शांत झोप हवीय, की माणसांपासून लांब जायचंय? पहिल्या तीन गोष्टी गावाच्या कडेलाही मिळतात. चौथी हवी असेल तर ती का हवी आहे, याचा विचार जागा निवडण्याआधी करायला हवा. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचा शीण असेल, तर तो सहा महिन्यांत उतरतो आणि मग माणसं हवीशी वाटायला लागतात.

आहे तिथेच राहण्याला तुम्ही ४९ गुण दिलेत, ते मला बरोबर वाटतात. शहरात सगळं जवळ असतं हे खरं, पण लिफ्ट नसलेला तिसरा मजला ज्येष्ठांना घरात डांबतो. गुडघा धरला की खाली उतरणं दिवसातून तीनदाचं एकदा होतं, मग आठवड्यातून एकदा. बाजार पायाशी असून काही उपयोग नसतो. त्याच परिसरात तळमजला किंवा लिफ्ट असलेली लहान जागा मिळाली, तर मात्र चित्र पार बदलतं: बुधवारचा सराव, ओळखीचे डॉक्टर, पायाखालचे रस्ते सगळं तसंच राहतं. हा चौथा पर्याय तुम्ही तक्त्यात घेतलेलाच नाही. घ्यावा.

आणि ज्या गावाला तुम्ही "ना धड शहर, ना धड खेडं" म्हणालात, त्याची बाजू मला घ्यायची आहे. तेच त्याचं बळ आहे. तिथे पिशवी घेऊन पायी बाजारात जाता येतं, आणि पायी जाता येण्यासारखी जागा शोधणं हाच या वयात माझ्या लेखी सर्वांत मोठा निकष आहे. तिथून वस्ती आणि नदी त्याच रस्त्यावर आहेत. मनात आलं की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल, चार दिवस राहताही येईल. गावाच्या कडेला तळमजल्याचं, थोडं अंगण असलेलं लहान घर, दाराबाहेर पडलं की दहा मिनिटांत औषधाचं दुकान, आणि वाटेत टेकायला एखादा कट्टा. माझं मत विचाराल तर मी याच्या बाजूने आहे. असं घर बघताना दारं चाकांची खुर्ची जाईल एवढी रुंद आहेत का, न्हाणीघराला उंबरा आहे का, पायरीच्या जागी उतार करता येईल का, हे पाहा. एक फूट उंची चढायची तर उताराला बारा फूट लांबी लागते. एवढी जागा दाराशी आहे का, हे घर घेतानाच दिसतं.

पण माझ्या मतावर जाऊ नका, राहून पाहा. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची त्यांच्या ताणाप्रमाणे उतरंड लावली. जोडीदाराच्या मृत्यूला १००, निवृत्तीला ४५ आणि घर बदलण्याला २० गुण. निवृत्ती, राहत्या घराची विक्री, नवी जागा, तुटणाऱ्या ओळखी हे सगळं तुम्ही एकाच वर्षात करायला निघाला आहात. त्यातली एक गोष्ट, निवृत्ती, तारखेने ठरलेली आहे. बाकीच्या तुमच्या हातात आहेत. राहतं घर तूर्तास विकू नका. शक्य असेल तर एक वर्ष हातचं ठेवा आणि दोन्ही ठिकाणी भाड्याने राहा, वस्तीत दोन महिने आणि गावात दोन महिने. तुम्ही वस्ती पाहिलीत ती तिन्ही वेळा चांगल्या हवेत. आता ऐन पावसात जा, किंवा वर्षातला जो काळ तिथे सर्वांत वाईट असतो त्या काळात. वीज गेली की किती तास येत नाही, फोन लागतो का, रात्री किती अंधार असतो, हे त्या वेळीच कळेल. आणि दोन्हीकडे एक आठवडा गाडीची किल्ली एखाद्या खणात ठेवून द्या. त्या सात दिवसांत काय अडलं, कोणाला हाक मारली, पत्नी किती वेळा घराबाहेर पडल्या, ते रोज रात्री दोन ओळींत लिहा. त्यातून नवा तक्ता आपोआप तयार होईल.

असंच पत्र आणखी काही वाचकांकडून येतं, त्यांच्यासाठी दोन शब्द. मुलांच्या शहरात जायचं ठरवत असाल तर आधी मुलांना विचारा की पुढची दहा वर्षं ते तिथेच असणार आहेत का. त्यांच्यामागोमाग गेलेल्या आईवडिलांना अनोळखी शहरात ठेवून मुलांची बदली झालेली मी पाहिली आहे. जे एकटे आहेत त्यांनी वर लिहिलेला रकाना आजच्याच तारखेने भरायचा आहे, आणि म्हणून त्यांचं उत्तर बहुधा लवकर सापडतं. ज्यांच्या घरात नव्वदीचे आईवडील आहेत त्यांनी त्यांना हलवण्याची घाई करू नये. ओळखीच्या घरात त्या वयाची माणसं अंधारातही भिंत धरून बरोबर चालतात. नव्या घरात ती पडतात.

राहिल्या कुंड्या. त्या एकदम हलवू नका. भाड्याने राहायला जाल तेव्हा त्यातल्या चार-पाच, कणखर असतील त्या, सोबत न्या. नव्या मातीत आणि नव्या उन्हात त्या कशा रुजतात ते बघा. बाकीच्यांना पाणी घालायला घराची किल्ली कोणाकडे तरी ठेवावी लागेल. कोणाकडे ठेवणार, हे विचारल्यावर जे नाव तुमच्या आणि पत्नीच्या तोंडून पटकन येईल, ते त्या कागदावर लिहून ठेवा. दोन महिने वस्तीत आणि दोन महिने गावात राहून झाल्यावर परत निघताना तिथेही हाच प्रश्न एकमेकांना विचारा: इथली किल्ली आपण कोणाकडे ठेवू? आणि उत्तर काय आलं, ते मला नक्की कळवा.